बाबांवर गेलेली

“दोन नंबरचा ना?” असं दादा म्हणाला आणि ती गच्चीवरच्या लोखंडी शिडीच्या मधल्याच पायरीवर थांबली. एका हातात फोन, दुसरा कठड्याला, बोटांना ग्रीस. शिडीच्या वरच्या टोकाला लिफ्टच्या मशिनरूमचं दार सताड उघडं होतं आणि आत मिस्त्री नाकातल्या नाकात गाणं म्हणत दोरांवरची धूळ पुसत होता, कारण लिफ्ट तपासायला सरकारी बाई आली की लोकांना अचानक स्वच्छता सुचते. तिने दादाला एवढंच सांगितलं होतं की रक्ताचा तो रिपोर्ट आला आणि चांगला नाही. दोष निघाला. कुठला दोष, कशातला, किती नंबरचा, यातलं अक्षरही तिच्या तोंडून गेलेलं नव्हतं. सांगणार होती ती. कालपासून वाक्यं जुळवत होती. दादा घाबरट, लहानपणी इंजेक्शनच्या नुसत्या वासाने पांढराफटक पडायचा, तेव्हा त्याला हळूहळू सांगू, आधी म्हणू की घाबरायचं काही नाही, मग म्हणू की तुलाही एकदा तपासून घ्यायला लागेल, अशी तिने सगळी तयारी केली होती. गालिचा अंथरावा तशी. आणि हा पठ्ठ्या पहिल्याच वाक्याला म्हणतो, दोन नंबरचा ना. “कशाचा दोन नंबर?” तिने विचारलं. पलीकडे दुकानाच्या दाराची घंटी वाजली, कुणीतरी गिऱ्हाईक आलं असावं. दादाचं चष्म्याचं दुकान होतं. तो कुणाला तरी “बसा, आलोच” म्हणाला आणि मग फोनमध्ये अगदी मऊ आवाजात म्हणाला, “तू जेवलीस का?”

झालं. तिला कळलं. त्यांच्या घरात वाईट बातमी उपाशी पोटी सांगायची नाही, असा बाबांचा नियम होता. कुणी गेलं, कुणी नापास झालं, कुणाचं लग्न मोडलं, तरी आधी ताट वाढायचं, समोरच्याने हात धुतला की मग सांगायचं. त्यामुळे झालं होतं असं की “अजून थोडा भात घे” असं आई दुसऱ्यांदा म्हणाली की घरातल्यांचा घास हातातच थांबायचा. आत्या गेली तेव्हाही ती लहानशी पोर दोन वाट्या खीर खाऊन बसली होती आणि मग तिला सांगितलं गेलं. आत्या बाबांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात गेली. कशाने, तर “छातीच्या दुखण्याने”, असं म्हणायचे, आणि इतकी वर्षं ती छातीचं दुखणं म्हणजे हृदयाचं समजून चालली होती. कुणी खोडून काढलं नव्हतं. “जेवले,” ती दादाला म्हणाली. जेवली नव्हती. “बोल.”

आणि दादा बोलला. घंटी वाजत होती, मधेच कुणीतरी फ्रेम आहे का विचारत होतं, आणि त्यातून तुकड्या-तुकड्याने तो बोलला. बाबांच्या शेवटच्या आजारात, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरल्यावर, डॉक्टरांनी विचारलं होतं की घरात आणखी कुणाला? बाबांनी बहिणीचं सांगितलं, तिचं छातीचं दुखणं म्हणजे स्तनाचा कॅन्सर होता ते. मग बाबांचं रक्त तपासायला गेलं आणि त्यात तो दोष निघाला, दोन नंबरचा. मग दादाने स्वतःचंही तपासून घेतलं. “माझं क्लीन आलं ग,” तो म्हणाला, आणि इतक्या सगळ्यात, ऐन त्या क्षणीही, त्याच्या आवाजात सुटलेल्या माणसाची एक झुळूक येऊन गेलीच. “मग आम्हाला वाटलं संपला विषय. बाबांकडचं ते, आलं असतं तर माझ्याकडे आलं असतं. आई म्हणाली, मुली आईवर जातात.” ती एक पायरी वर चढली. “ऐकतेयस ना?” दादा म्हणाला. “वहिनीला माहीत आहे?” तिने विचारलं. “तिला... हो. म्हणजे लग्नाची बायको आहे.” “म्हणजे फक्त मलाच नव्हतं,” ती म्हणाली, आणि फोन बंद करून खिशात टाकला. वरून मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं. “मॅडम, स्वच्छ एकदम! आरशासारखं!” ती वर चढली. दोरांवरून कापडाचा बोळा फिरवला, कुठे धागा अडकतो का बघायला. तार तुटलेली असेल तर कापड अडकतं, नसेल तर सरकत जातं. कापड सरकत गेलं. मग तिच्या लक्षात आलं की हाच दोर तिने सकाळी एकदा तपासला होता, आणि ती पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागली. मिस्त्री आपलं काय चुकलं म्हणून वाकून दोर बघायला लागला.

वर्ष कसं गेलं होतं ते तिचं तिला ठाऊक. स्तनातली गाठ, सुया, ऑपरेशन, मग केमोच्या त्या बाटल्या. डोक्यावरचे केस उशीवर, मग न्हाणीच्या जाळीत, मग कुठेच नाहीत. नवरा जहाजावर इंजिन सांभाळणारा, तो दूरच्या समुद्रात. फोनवर रडायचा आणि रेंज गेली की त्याचं रडं अर्धंच राहायचं. पोरगी, खारू, आजीकडे. आणि तिच्या पलंगाशेजारी कोण, तर दादा. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून यायचा. बर्फाचे खडे चमच्याने तोंडात घालायचा, जिभेला फोड यायचे म्हणून. नर्सबायांची थट्टा करायचा, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचा चष्मा फुकटात सरळ करून द्यायचा. सगळा वॉर्ड म्हणायचा, भाऊ असावा तर असा. तीही म्हणायची. एका दुपारी बाटली संपता संपता तिने त्याला विचारलं होतं, “मलाच का रे? मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?” कुणालाही विचारावं तसं विचारलं होतं, उत्तराची अपेक्षा नसतेच अशा वेळी. पण त्याच्याकडे उत्तर होतं! कारण होतं त्याच्याकडे, नंबरासकट. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, “असतं एकेकाचं नशीब.” आता गच्चीवरून खाली उतरताना तो चष्मा पुसणारा हात तिला दिसला आणि तिला वाटलं, ते बर्फाचे खडेही परत काढून त्याच्या तोंडावर फेकावेत. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असणार. आणि तेही केस नसताना.

लिफ्ट तिने पास केली. दोर चांगले होते, ब्रेक चांगला होता, दोष नसेल तर नसतो. मिस्त्रीने खाली आणून सोडलं आणि चहाचा आग्रह केला, पण तिने मान हलवली आणि रस्त्यावर आली. ऊन कलतं होतं. फुटपाथवर फरशा उकरून ठेवलेल्या होत्या आणि माणसं एका फळीवरून एकामागून एक जात होती, समोरून कुणी आलं की थांबत होती, हसत होती, सॉरी म्हणत होती. तिला या लोकांचं नवल वाटलं. एवढ्याशा फळीवरून सगळे कसे समोरच्याला आपण होऊन सांगतात, मी येतोय, जपून. आईचं घर इथून चालत जाण्याइतकं. खारू शाळा सुटल्यावर तिथेच जायची. आणि पंधरवड्याने, ऑपरेशनच्या वेळी, तिथेच राहील, असं तिने कालच मनाशी ठरवलेलं, आईला सांगायचं बाकी होतं. ऑपरेशन पुन्हा. हे कालच कळलं होतं. काल सकाळपर्यंत ती बरी झालेली बाई होती.

काल रिपोर्ट समजावून सांगणारी काउन्सेलर मुलगी तशी पोरसवदाच होती, नखं खाल्लेली. तिने पांढऱ्या कागदावर गोल आणि चौकोन काढले होते, बाया गोल, पुरुष चौकोनी, आणि गेलेल्यांवर तिरकी रेघ. “प्रत्येक जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात,” ती म्हणाली होती, “एक आईकडची, एक वडिलांकडची. तुमच्या बीआरसीए नावाच्या दोन नंबरच्या जनुकाची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली आहे. जन्मल्या दिवसापासून.” तिने विचारलं, “म्हणजे परत होणार?” “होणार असं नाही. होण्याची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. दुसऱ्या बाजूला होऊ शकतो. अंडाशयाचाही होऊ शकतो, आणि तो लवकर दिसत नाही, म्हणून ते काढून टाकायचा सल्ला देतात.” मग जरा थांबून, कागदाकडे बघत, ती म्हणाली होती, “हे आधी माहीत असतं तर मागच्या वर्षी डॉक्टरांनी बहुधा दोन्ही बाजूंचा एकदमच विचार केला असता. किंवा त्याच्याही आधी दरवर्षी तपासणी झाली असती, गाठ बारीक असतानाच सापडली असती.” तेव्हा तिला त्या ‘आधी’चं काही वाटलं नव्हतं. आधी कुणाला माहीत असणार? उलट तीच त्या पोरीची समजूत घालत होती, जाऊ द्या हो, देव काय चिठ्ठी पाठवतो का. आणि ती पोरगी गोल-चौकोन भरत विचारत गेली. आईकडे कुणी? आई ठणठणीत, मावशा ठणठणीत, आजी नव्वदीत पडून गेली. वडिलांकडे? बाबा प्रोस्टेटने, आत्या हृदयाने, असं हिने छातीठोक सांगितलं. मुलीने आत्याच्या गोलावर पेन्सिल धरून विचारलं, “नक्की हृदयाने? किती तरुण होत्या?” मग काहीतरी लिहिलं. “वडिलांकडूनही येतो हा दोष,” ती म्हणाली. “लोकांना वाटतं बायकांचा आजार म्हणजे आईकडचा. तसं नसतं. मुलगा असो, मुलगी असो, प्रत्येकाला निम्मी शक्यता. भावाला सांगा नक्की. आणि मुलगी आहे ना तुम्हाला?” खाली एक छोटा गोल काढून ठेवला होता तिने, रिकामा. “तिची आत्ता तपासणी करायची नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल.” निम्मी. छापा की काटा.

छापा-काटा तर तिला बाबांनीच शिकवला होता. गणिताचे मास्तर होते ते, शाळेत कडक आणि घरात पोरांच्या बरोबरीचे. वीज गेली की बाल्कनीतल्या फरशीवर नाणं उडवत बसायचे तिच्याबरोबर. सलग पाच वेळा छापा आला की ती ओरडायची, आता काटा, आता काटाच येणार! आणि बाबा म्हणायचे, “नाण्याला आठवण नसते ग बाळ. मागच्या वेळी काय पडलं ते त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक वेळी निम्मं म्हणजे निम्मं.” दादाला हे कधी डोक्यात शिरलं नाही, तो जांभया द्यायचा. तिच्या शिरायचं. हिचं सगळं बाबांचं, असं घरात येणारा-जाणारा म्हणायचा: लांब बोटं, डाव्या भुवईतला भोवरा, चिडली की ओठ घट्ट मिटणं, आणि मोजल्याशिवाय पाऊल न टाकणं. आई लटक्या रागाने म्हणायची, मी काय नुसती भाडेकरू होते नऊ महिने? आणि ती मिरवायची हे. बापाची लेक म्हटलं की मान अशी वर व्हायची. तीच आई पुढे म्हणाली, मुली आईवर जातात! सोयीचं असेल तेव्हा माणसं स्वतःच्या डोळ्यांनाही वेड्यात काढतात. बरं, आईचं सोड. आईला गणित कळत नाही, दादाला कळत नाही, दादाचं नाणं काट्यावर पडलं आणि त्यांना वाटलं की खेळ संपला. खुळी आशा म्हणू, अडाणीपणा म्हणू. पण बाबा? त्यांना ठाऊक होतं. मुलाला सांगितलं तेव्हा मुलीचं नाणं अजून हवेत आहे, हे त्या माणसाला ठाऊक होतं, आणि तो तसाच, ओठ मिटून, मेला.

ती एका दुकानाच्या काचेपाशी थांबली. आत दिव्याच्या शेड टांगलेल्या होत्या. बाबांच्या शेवटच्या महिन्यांत ती रोज संध्याकाळी कामावरून थेट त्यांच्याकडे जायची. ते उशीला टेकून बसलेले असायचे, अंगात काही उरलेलं नव्हतं, नुसते डोळे. आणि विचारायचे, “काय मग, विचार काय आहे तुमचा?” म्हणजे मुलाचा. ती आणि नवरा तेव्हा हो-नाही करत होते. हो-नाही तीच करत होती, नवरा बिचारा हो म्हणून जहाजावर गेला होता. तिचं आपलं, नोकरी अशी शिड्या चढायची, नवरा असा समुद्रावर, पोराला बघणार कोण, आणि जगाचं हे असं. बाबांनी तिचा हात हातात घेतला होता, दोन्ही हात सारखेच लांब बोटांचे, आणि म्हणाले होते, “सगळंच मोजून नाही होत ग. काही गोष्टी न मोजता कराव्यात.” आयुष्यभर मोजत आलेला माणूस मरताना असं बोलतो म्हटल्यावर ती भरून आली होती. त्या एका वाक्यावर तिने पोरगी जन्माला घातली. कुणी विचारलं तर सांगायची, आमच्या बाबांचा शेवटचा धडा. आणि प्रत्यक्षात त्याने मोजलेलं होतं! सगळं मोजून, उत्तर खिशात घालून, तिला म्हणत होता की मोजू नकोस. काचेत तिला स्वतःचं डोकं दिसलं, केस आता बोटभर आलेले, कुरळे, पूर्वी नव्हते तसे. डाव्या भुवईतला भोवरा मात्र जिथल्या तिथे. भुवया गेल्या आणि परत आल्या तरी भोवरा बरोबर आपल्या जागी आला होता, चोर. तिने बोटाने तो विस्कटला. तो पुन्हा बसला.

चालता चालता तिने ठरवून टाकलं. खारूला उचलायची, दप्तर उचलायचं, कपडे उचलायचे आणि निघायचं. ऑपरेशनच्या वेळी पोरीला शेजारणीकडे ठेवू, शाळेतल्या बाईंकडे ठेवू, लागलं तर नवऱ्याला म्हणू की नोकरी सोड आणि ये, पण या घरात नाही. ज्यांनी मला अंधारात ठेवलं त्यांच्या हातात मी माझी पोर देऊ? तिला आठवत होता तो पहिला दिवस, गाठीचा निकाल लागला तो. डॉक्टरांनी पेन उघडून विचारलं होतं, “घरात यापूर्वी कुणाला?” आणि तिने तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली आई म्हणाली होती, “नाही हो, आमच्याकडे कुणाला नाही.” केवढ्या चटकन! तेव्हा तिला वाटलं होतं, आई किती धीराची. डॉक्टरांनी मान हलवली, पेन बंद केलं. त्या पेनाच्या टोपणाचा आवाज तिला आता रस्त्याच्या सगळ्या गलक्यात ऐकू आला.

आईने दार उघडलं आणि तिच्या तोंडाकडे बघूनच बाजूला झाली. दादाचा फोन आला असणार, त्यांचं आपसात सगळं वेळच्या वेळी कळवणं चालू असतं. खोलीत खारू टेबलाशी बसून संत्रं सोलत होती. सालीचा एकच लांब तुकडा काढायचा तिचा पण होता, जीभ दातांत धरून चाललं होतं. “आई, हलू नकोस, तुटेल,” ती म्हणाली. “हात-पाय धू,” आई म्हणाली, “गरम भात आहे, थोडा...” “मला वाढू नकोस,” ती म्हणाली. आवाज असा आला की खारूने वर बघितलं. ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. ते दार कधीच नीट लागत नसे.

“डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस,” ती म्हणाली.

“मी माझ्या माहेरचं सांगितलं.”

“आई!”

“त्यांनी वचन घेतलं होतं माझ्याकडून.” आई ओट्याला टेकून उभी राहिली, पदराशी चाळा करत. “म्हणाले, तिला मूल होईपर्यंत बोलायचं नाही. तुला ओळखून होते ते. म्हणाले, आपली पोर लिफ्टमध्येसुद्धा आधी पाटी वाचून पाय टाकते, तिला हे सांगितलं तर ती कधी... मग ही झाली. तू अंगावर पाजत होतीस, म्हटलं आता कशाला जिवाला घोर. मग तू कामावर जायला लागलीस, खूश होतीस. मग ते राहूनच गेलं.”

“राहून गेलं?” ती हसली. हसू तिला स्वतःलाच भीतिदायक वाटलं. “छत्री राहून जाते, आई. दूध गॅसवर राहून जातं. माझा जीव राहून गेला तुमच्या लक्षात ठेवायचा? मी उलट्या करत होते तेव्हा तू पाठ चोळत होतीस माझी. त्या हाताला काहीच वाटलं नाही?”

“रोज वाटलं.”

“मग?”

“रोज वाटलं म्हणून तर रोज येत होते.” आईच्या डोळ्यांना धार लागली होती, पण तिने ते पुसले नाहीत. “दादाला रागावू नकोस. तो सांगायचं म्हणत होता, मीच त्याला गप्प केलं. झाकली मूठ राहू दे म्हटलं. मला खरंच वाटलं होतं ग, त्याला नाही म्हणजे टळलं. एवढं मोठं संकट दारातून परत गेलं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता. आणि तुला गाठ निघाली तेव्हा... तेव्हा सांगून काय झालं असतं? झालेलं झालं होतं.”

“झालेलं झालं नव्हतं. मला पुन्हा कापून घ्यावं लागणार आहे. दुसऱ्या बाजूला. एकदाच झालं असतं.”

हे आईला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आणि क्षणभर ती एक अनोळखी म्हातारी बाई दिसली, चुकून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आलेली. ते बघून लेकीला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं. बसू दे चटका. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या घरात कुणालातरी उपाशी पोटी बातमी मिळाली होती. “मी खारूला घेऊन जाते,” ती म्हणाली. “ऑपरेशनच्या वेळी ती इथे राहणार नाही. आणि तू हॉस्पिटलात येऊ नकोस. दादालाही सांग.” असं बोलून तिने दार ओढलं. दाराबाहेर, हाताच्या अंतरावर, खारू उभी होती, हातात संत्र्याची अख्खी साल, एका तुकड्यात निघालेली, दाखवायला आणलेली. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

आणि आई, जी आयुष्यात कधी वरच्या पट्टीत बोलली नाही, ती मागून ओरडली. “सांगितलं असतं तर? मला एवढंच सांग आणि मग जा कुठे जायचं तिथे. त्यांनी तुला सगळं सांगितलं असतं, निम्मं आणि अमकं आणि तमकं, तर तू हिला होऊ दिलं असतंस? ही असती का आज?” आईचा हात पोरीकडे झालेला होता. “बोल ना. असती का ही?”

तिला उत्तर माहीत होतं. शोधायलाही लागलं नाही. तेव्हाची ती, ती मोजणारी, बत्तीस वर्षांची बाई तिच्या समोर स्वच्छ उभी राहिली: स्वतःला निम्मी, पोराला निम्म्याची निम्मी, ती आकडे मांडून बसली असती, नवऱ्याला समजावलं असतं, आणि शांतपणे, विचारपूर्वक, नको म्हणाली असती. शंभरातले शंभर. बाबांनी तिला बरोबर ओळखलं होतं, आणि यापेक्षा मोठा घात कुणी तिचा केला नव्हता, की जे चोरलं आणि जे हातात ठेवलं ते त्यांनी एकाच पुडीत बांधून ठेवलं होतं. आता ही पुडी फेकायची कशी? तिने दाताने ओठ दाबला. ‘नसती’ हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. खरा होता. या घरात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोलणार होतं.

“मी?” खारू म्हणाली. तिने आजीकडे बघितलं, मग आईकडे. साल हातातून लोंबत होती. “मी का नसते? आई, मी असते ना ग?”

“असतीस,” ती म्हणाली. “नसायला काय धाड भरलीय? तू नसतीस तर संत्री कुणी संपवली असती?”

एका दमात आलं. जराही अडखळली नाही. खारूने एकवार तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं, काहीतरी तपासलं, आणि ते तिला पटलं. “मग आजी का रडतेय?” “दात दुखतोय तिचा,” ती म्हणाली, आणि तेही आपोआप आलं. खारू टेबलापाशी परत गेली आणि सालीचा पुन्हा गोल चेंडू करायला लागली. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. नुसती बघत होती, आणि त्या बघण्यात जिंकल्याचं काही नव्हतं. असतं तर सोसलं असतं. एखादी नवी सून घरात पहिल्यांदा न विचारता बरोबर डबा उघडते तेव्हा सासू बघेल, तसं ती बघत होती.

“असं बघू नकोस,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “मी तुमच्यासारखी नाही. मी तिला सांगणार आहे. सगळं सांगणार आहे.”

“कधी?” आईने विचारलं.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. टेबलाशी खारू संत्र्याच्या फोडी मोजत होती, एक आईला, एक आजीला, आणि उरलेल्या सगळ्या स्वतःला.